गाडी गेल्यावरचा फोटो

मोहरीलवकिलांचा पुतण्या परवा माझ्या अकोल्याच्या दुकानात आला. तोही वकीलच. अमरावतीला वकिलांच्या खोलीत जुन्या मंडळींच्या तसबिरी लावायचं ठरलं आहे आणि काकांचा फोटो कुठे सापडत नाही, म्हणाला. घरातल्या ट्रंका उपसल्या. इंजिनांचे फोटो निघाले, सिग्नलचे निघाले, गेटमनच्या बकरीचेसुद्धा निघाले. काकांचा एक नाही.

"तुमच्याकडे असेल, असं काकू म्हणाल्या."

मी म्हटलं, "तुमच्या काकांकडे माझ्या बापाचा चेहरा बाकी आहे. तो आणा, मग त्यांचा मागा."

तो बिचारा गोंधळला. त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. चहा पाजल्याचं मुद्दाम लिहितो, कारण मी तापट आहे एवढंच लोक सांगतात. तो गेल्यावर मात्र गिऱ्हाइकांत लक्ष लागेना. दोन जणांनी भाव पाडून मागितला आणि मी भांडलो नाही. तेव्हा दुकान लवकर बंद केलं आणि हे लिहायला बसलो.

माझा धंदा लिलावाचा. गाडीत विसरलेलं, कोणी सोडवून न नेलेलं सामान रेल्वे लिलावात काढते, ते मी घेत असे. छत्र्या, ट्रंका, कंदील, एकदा तर तबल्याची जोडी. माझा बा अकोला स्टेशनावर हमाल. मी त्याच फलाटावर आधी शेंगदाणे विकले, मग लोकांनी विसरलेल्या वस्तू विकल्या, मग दुकान टाकलं. हात कोणी दिला नाही. घासाघीस करत मोठा झालो आणि मला तिची गोडी लागली, जशी कोणाला गाण्याची लागते.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. एका लिलावात भात्याचा एक कॅमेरा हाती लागला. तो काचेच्या कपाटात ठेवला. थोड्याच दिवसांत धोतरावर काळा कोट घातलेला, उंच, किंचित वाकलेला, पन्नाशीतला एक माणूस दुकानात आला. खिशातले फुटाणे तोंडात टाकत बराच वेळ कॅमेऱ्याकडे पाहत राहिला. मग किंमत विचारली. मी माझ्या मनातल्या किमतीच्या दुप्पट सांगितली, म्हणजे भांडत भांडत खाली येता येतं. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून पैसे काढून काचेवर ठेवले.

माझं तोंडच पडलं. न भांडता घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला राग येतो. वाटतं, आपण कमी सांगितलं.

"घासाघीस नाई करत काय, साहेब?"

"किमतीत मले काई पाह्याचं नाही, शेठ. याच्यातून पाह्याचं हाये." मग कॅमेरा उलटासुलटा करत म्हणाले, "हा कोनाचा होता? विसरला काहून असंल तो? झोप लागली असंल, का डब्यात भांडन झालं असंल?"

इतक्या बेवारशी वस्तू माझ्या हातून गेल्या, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. 'शेठ' ते मला त्या दिवसापासून म्हणू लागले. ती चेष्टा होती की मान होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

यशवंतराव मोहरील अमरावतीला अंबागेटच्या आत राहत. वकिली चांगली चालली असती, पण त्यासाठी कोर्टात सापडावं लागतं. मुख्य लाइन बडनेऱ्यावरून जाते, अमरावतीला तिचा नुसता फाटा. त्या फाट्यावरच्या छोट्या गाडीत बसून हे सकाळीच बडनेऱ्याला उतरत. पक्षकार त्यांना शोधत फलाटावर येत आणि सामान तोलायच्या काट्यावर कागद ठेवून वकील सही करत. एकदा न्यायाधीशांनी भर कोर्टात विचारलं, "मोहरील, आज तुमची तारीख आहे की पॅसेंजर?"

"साहेब, दोनी उशिरानं धावून राहिल्या."

काकू म्हणत, "माझी सवत कोळसा खाते. तिच्यापुढं माझं जेवन तं काहीच नाही." काकूंचं हे बोलणं वकील स्वतःच सगळ्यांना सांगत आणि वर विचारत, "इंजिनाले बाई काहून म्हनतात हो? इंजिन तं ते असते."

'काहून', म्हणजे 'का', हा त्यांचा शब्द. हमाल, गार्ड, साहेब, भिकारी, कोणाहीपुढे जाऊन ते 'काहून' विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत हलायचे नाहीत. कॅमेरा नेहमी कोटाच्या आत, छातीशी. उन्हात रोल बदलायचा असला की कोट काढून डोक्यावरून घेत. नव्या माणसाला वाटे, वकिलाला थंडीताप भरला. बडनेऱ्याला सांधेवाल्याच्या बायकोला त्यांनी विचारलं होतं, "बाई, सिग्नलची तार एवढी आयती बांधेल हाये, तू लुगडं त्याच्यावर काहून वाळू नाही घालत?"

"घातलं होतं बापा एकडाव," ती म्हणाली. "तार वाकली न् गाडी सिग्नलपाशी उभी राह्यली. आमच्या मानसाले मेमो भेटला."

वकिलांनी मग त्या रिकाम्या तारेचा आणि पलीकडे बाभळीवर वाळणाऱ्या लुगड्याचा फोटो काढला. तो फोटो पाहणाऱ्याला काहीच कळत नसे. वकील खुलासा करत नसत. "विचारा ना, काहून?" म्हणत.

गाडीचा फोटो ते क्वचित काढत. गाडी येताना सगळा फलाट उठून उभा राही, तेव्हा हे बाकावर बसून फुटाणे खात. गाडी सुटून शेवटचा डबा पुढे गेला की उठत. मी एकदा चिडून म्हटलं, "वकीलसाहेब, बस गेल्यावर हात दाखवल्यासारखं करता तुमी."

"गाडीचा फोटो काढाले दुनिया हाये," ते म्हणाले. "गाडी गेली का फलाट काय करते, ते कोनी पाह्यते काय?"

तेव्हापासून मीही पाहू लागलो. कुत्रं उठून ऊन सोडून सावलीत येतं. चहावाला बाकाखाली हात घालून कप शोधतो. राखेतले अर्धे जळलेले कोळसे वेचायला बाया टोपल्या घेऊन रुळांत उतरतात. पोरीला सासरी पाठवायला आलेला म्हातारा गाडी दिसेनाशी झाली तरी हात हलवत राहतो, मग आजूबाजूला पाहतो आणि त्याच हातानं डोकं खाजवतो. तो डोकं खाजवणारा म्हातारा वकिलांनी पकडला होता. काय फोटो होता! मी तो विकत मागितला. "विकाचा नाही," म्हणाले. मी भाव वाढवला. "शेठ, तुले त्याची पोरगी माहीत नाही, गाव माहीत नाही, तू काय करशील त्याले घेऊन?"

त्यांचा एक नियम होता आणि माझं सगळं दुखणं त्या नियमाशी बांधलेलं आहे, म्हणून तो कसा आला ते सांगतो.

मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जाते ती अरुंद रुळांची लहान गाडी. मी दर्यापूरला माल पाहायला निघालो होतो, वकील नुसतेच निघाले होते. कॅमेरा नुकताच घेतलेला होता. गाडीचा गार्ड मोठा देखणा, मिशीवाला. वकिलांना त्याचा फोटो हवा. गार्डही खूश. मागच्या डब्यापाशी छाती काढून उभा राहिला. वकील कॅमेऱ्यातून पाहत म्हणाले, "गार्डसाहेब, डोयावर ऊन येऊन राह्यलं. जरा हात वर करा."

गार्डानं कपाळावर हात नेला. हातात हिरवी झेंडी होती. पुढे ड्रायव्हर मान बाहेर काढून तेवढ्याचीच वाट पाहत होता. शिटी झाली आणि गाडी चालू लागली.

"अबे, थांब! मी अथी हावो!" गार्ड ओरडत निघाला आणि धावता धावता हात हलवू लागला. हातात अजून तीच झेंडी. ड्रायव्हरला वाटलं, गार्डसाहेबांना आज घाई आहे. त्यानं आणखी वाफ सोडली. मी डब्यातून ओरडतोय, डब्यातले सगळे ओरडताहेत, एक बाई गार्डाला म्हणते, "दाजी, तांबडी काढा, तांबडी!" सुदैवानं त्या गाडीचा जोर तो केवढा. गार्डानं धावता धावता पान थुंकलं, पडलेली टोपी उचलली आणि दांडी धरली. वकील मागेच राहिले.

ही गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे आणि लोक पोट धरून हसतात. वकील हसत नसत. "माह्या एका शब्दानं गाडी सुटली, शेठ," म्हणत. "कामावरच्या मानसाले थांब म्हनाचं नाही. इकडे पाह्य म्हनाचं नाही. त्याचे हात त्याच्या कामात राहू द्याचे. आपन पाह्याचं." हा झाला नियम. तो त्यांनी पाळला म्हणजे असा पाळला की एखाद्या माणसानं आपण होऊन कॅमेऱ्याकडे पाहिलं, तरी ते कॅमेरा खाली घेत.

मूर्तिजापूरच्या इंजिनांच्या शेडमध्ये यासीनमियाँ म्हणून फायरमन होता. एका दुपारी आम्ही शेडबाहेर उभे होतो, तर भाजल्या वांग्याचा वास. वकिलांनी नाक वर केलं. "इंजिनात वांगं काहून?" आत जाऊन पाहतो, तर यासीनमियाँनं कोळशाचं फावडं पाण्यानं धुऊन त्यावर वांगी मांडलेली आणि फावडं भट्टीच्या तोंडात धरलेलं.

"वकीलसाब, घर का बैंगन एक तरफ से पकता है," तो म्हणाला. "इंजन का बैंगन चारों तरफ से."

वकिलांनी फोटो काढला तो वांग्यांचा, फावड्याचा आणि यासीनमियाँच्या मनगटांचा. मग कांदा, मिरची, मीठ आलं आणि फावड्यावरच भरीत कालवलं. धोतर सावरून उकिडवे बसलेले वकील जेवले आणि भरिताला कोळशाची कचकच लागते ती चांगली की वाईट यावर यासीनमियाँशी त्यांचा वाद झाला. मी त्या वादात पडलो नाही. मला भरीत फार आवडलं होतं.

आता माझ्या बाबद्दल.

बाचं नाव किसन. तांबडा सदरा, दंडावर पितळी बिल्ला, डोक्यावर चुंबळ. वकिलांना बा फार आवडे. ते अकोल्याला आले की बाच्या मागेमागे फिरत. बालाही ते आवडत. "वकील भला मानूस," म्हणे. "बाकी समदे सायब 'ए, थांब' म्हनतात. हा थांब म्हनत नाई."

बाचा फोटो घरात नव्हता. मी दुकान टाकल्यावर त्याला स्टुडिओत न्यायची किती खटपट केली. नवं धोतर आणलं. तो ऐकेना. "फोटो मेलेल्या मानसाचा राह्यते. हार घालाले. मले काय झालं?" आमच्या वस्तीत तेव्हा फोटो खरंच मेलेल्यांचेच असत. मेल्यावर धावाधाव करून कोणीतरी काढलेला, डोळे मिटलेला. मला तसा नको होता. मला बाचा उघड्या डोळ्यांचा हवा होता.

मग मी वकिलांशी सौदा केला. त्या काळात रोल मिळत नसत. बाहेरून माल येणं कमी झालेलं, अमरावतीचे स्टुडिओवाले गिऱ्हाइकाला परत पाठवत. माझी मुंबईला ओळख होती, मी आणू शकत होतो. मी म्हटलं, "वकीलसाहेब, रोल माझ्याकडून. जितके लागतील तितके. मला एकच गोष्ट द्या. माझ्या बाचा चेहरा."

"बसवून काढनार नाही."

"नका काढू. फलाटावर काढा, चालताना काढा. चेहरा पाहिजे."

"भेटंल," ते म्हणाले. "खुर्चीतला नाही, खरा भेटंल. वाट पाह्य." आणि हात पुढे केला. माझ्या जन्मात ज्या सौद्यात मी सगळ्यांत कमी बोललो असेन, तो हाच.

रोल मी देत गेलो. छप्पन साल आलं. दसऱ्याला नागपुरात दीक्षा होती आणि सगळं वऱ्हाड नागपूरला निघालं होतं. माझ्या मायनं पांढरं लुगडं शोधून आणलं, मी पांढरा सदरा शिवला. अकोला स्टेशनावरच्या हमालांतले निम्म्याहून जास्त आमच्या वस्तीचे. त्यांनी बिल्ले घरी ठेवले आणि ज्या गाडीत जन्मभर दुसऱ्यांचं सामान चढवलं, त्या गाडीत स्वतः चढले. बा खिडकीशी बसला. पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि डोकं उघडं. बाच्या डोक्याचे केस मी उजेडात नीट पाहिले ते त्या दिवशी. सारखा खिडकीतून बाहेर तोंड काढून हसत होता. गाडी आतून पाहिलीच नव्हती त्यानं अशी, बसून.

आणि फलाटावर मोहरीलवकील! कोर्टाला सुटी, म्हणून अमरावतीहून इतक्या दूर आलेले. मी खिडकीतून अर्धा बाहेर झालो. "वकीलसाहेब! इकडे! इकडे पाहा, बा हाये!"

गर्दी, घोषणा, शिट्या. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांची पाठ आमच्याकडे. ते वाकून, पाय फाकवून, कॅमेरा पोटाशी धरून दुसरीकडेच पाहत होते. कुठे, ते गाडी हलल्यावर मला दिसलं. दुसऱ्या गाडीतून उतरलेला एक टोपीवाला साहेब हमालाला हाका मारून दमला होता आणि आता स्वतःची ट्रंक स्वतः उचलायला पाहत होता. ट्रंक गुडघ्यापर्यंत येई आणि खाली पडे. वकील तो साहेब टिपत होते. बा खिडकीतून ओरडला, "सायब, गुडघ्यानं नाई, कमरेनं उचला!" सगळा डबा हसला. गाडीनं वेग घेतला आणि बाचं ते तोंड फलाटावरून पुढे गेलं.

दोन-तीन वर्षांनी बा उन्हाळ्यात आजारी पडला आणि गेला. त्या वेळी मी मालासाठी मुंबईत होतो. आलो तोवर सगळं आटोपलं होतं.

बारावं-तेरावं आता आम्ही करत नव्हतो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला आणि माय म्हणाली, "तेईचा फोटो ठेवा लागते." मी अमरावतीची गाडी पकडली.

वकील घरीच होते. मी दारातूनच म्हटलं, "माझा सौदा पुरा करा."

त्यांनी टेबलावर फोटो मांडले. बाचे. किती तरी होते. माझ्या रोलांवरचे. मी एकेक पाहत गेलो आणि माझं डोकं तापत गेलं. एकात डोक्यावर ट्रंक, तिच्याखाली मान आणि पाठ. एकात संत्र्यांच्या करंड्या, त्यांच्या सावलीत हनुवटी. एकात होल्डॉल, एकात कोणाचं तरी पाळण्याचं लाकूड, आणि खाली दोन पाय. सगळीकडे बाचे हात वर, कोपरं बाहेर, दंडावर बिल्ला. चेहरा एकात नाही.

"हे पाह्य," वकील म्हणाले. "या ट्रंकेखाली मान कशी आली हाये..."

"ट्रंका मी दुकानात विकतो, वकीलसाहेब! मला बाप दाखवा."

काकू आतून येऊन दारात उभ्या राहिल्या. मी थांबलो नाही. तोंडाला येईल ते बोललो. रोलांचं बोललो, हात दिला त्याचं बोललो. वकील ऐकत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझा बा वझ्याखालीच राह्ये, शेठ. मी कॅमेरा काढला का तो काही ना काही उचलेच. मले वाटे, मुद्दाम उचलते."

"दसऱ्याच्या वक्ती नव्हता वझ्याखाली! खिडकीत होता. उघड्या डोक्यानं. मी तुम्हाले हाका मारल्या, तुमची पाठ!"

"कोनती खिडकी?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते उठले, एका पाकिटातून तो फोटो शोधून काढला. टोपीवाला साहेब आणि गुडघ्यापर्यंत आलेली ट्रंक. उत्तम फोटो होता, आजही म्हणेन. त्यात आमची गाडी नव्हती. ती काढणाऱ्याच्या मागे होती. वकील त्या फोटोच्या कडा बोटांनी चाचपत राहिले, जणू कडेच्या बाहेर आणखी काही असावं.

"मी मागं काहून नाही पाह्यलं?" ते म्हणाले.

जन्मभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न. मी टेबलावरचा ट्रंकेचा फोटो उचलला आणि निघून आलो. त्यानंतर मी त्यांना रोल दिला नाही आणि आम्ही बोललो नाही.

फोटो मी मायपुढे टाकला. म्हटलं, "पाह्य तुझ्या वकिलाचं काम." मायनं तो उजेडात नेला, हातानं पुसला.

"हेच तं हायेत," ती म्हणाली.

"तोंड कोठी हाये त्याच्यात?"

"मी पान्याले जाओ तं हे असेच जात राहत पुढून. मले पाठीवरून समजे." तिनं तो भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली लावला. कार्यक्रमाला आलेल्या लोकांनी त्यापुढे मेणबत्ती लावली, फुलं ठेवली आणि बाहेर जाऊन एकमेकांना म्हणाले, "पोरगा एवढा दुकानदार, न् ट्रंकेचा फोटो लावला." मला ते ऐकू आलं. वकिलांवरचा माझा राग त्या दिवशी जो पक्का झाला, तो झाला.

पुढची गोष्ट साठ सालानंतरची. मी नागपूरला लिलावासाठी निघालो होतो. पॅसेंजर बडनेऱ्याला लागली आणि मी सवयीनं खिडकीतून पाहिलं.

फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या नळापाशी हमालांची रांग. सामान एका बाजूला ढीग करून ठेवलेलं. आणि मध्ये, उन्हात, वेटिंगरूममधली हातांची मोठी खुर्ची. तिच्यात एक हमाल ताठ बसलेला, हात मांडीवर, बुबुळं बाहेर आलेली. त्याच्यापुढे काळा कोट.

"इकडे पाह्य!" वकील ओरडत होते. आवाज म्हाताऱ्याचा झाला होता. "माह्याकडे पाह्य, अबे! डोये नको झाकू. तोंड बंद कर, लाडू नाही देऊन राह्यलो!"

रांग खिदळत होती. एक जण म्हणाला, "वकीलसाहेब, मले पावडर लावून द्या."

"तुले पावडर नाही, चुना लागंल. चूप राह्य. याच्या मागून तूच हायेस."

आमच्या डब्यात चढलेल्या एका फेरीवाल्याला मी विचारलं, हे काय चाललंय. "चालूच हाये कितीक दिवसांपासून," तो म्हणाला. "अकोला, मूर्तिजापूर, सगळीकडे जाते म्हातारा. हमाल, गँगवाले, पानीवाले, समद्यायले खुर्चीत बसोते. एकेकाच्या घरी नेऊन फोटो देते. म्हनते, जित्तेपनी काढून ठेवा."

"फोटो चांगले येतात काय?"

"कायचे चांगले? समदे कसे भ्यालेले दिसतात. पन घरी लावतात लोक."

मला त्या वेळी काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. राग तर आलाच. या लोकांना चेहरे मिळत होते, माझ्या बाच्या हिशेबात. मी खिडकीच्या गजांना धरून उठलो. वाक्य तोंडात तयार होतं: आता सुचलं काय, वकीलसाहेब? तेवढ्यात खुर्चीतल्या हमालाची बायको पुढे झाली आणि पदर ओला करून त्याच्या कपाळावरची कोळशाची रेघ पुसू लागली. ती निघेना. वकील कॅमेरा खाली घेऊन थांबले. कामावरच्या माणसाला थांब न म्हणणारा हा माणूस स्वतः थांबला होता, उन्हात, ती रेघ निघेपर्यंत.

शिटी झाली. आमची गाडी हलली. मी बोललो नाही.

गाडी गेल्यावर उठायचा तो माणूस. पण त्या दिवशी गाडी आली काय आणि गेली काय, त्यांना पत्ता नव्हता. ते दिसेनासे होईपर्यंत मी पाहत राहिलो, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. कोट खांद्यांवर विटलेला, मान पुढे, पाय फाकलेले. दसऱ्याच्या वेळी फलाटावर होते तसेच.

पुतण्याला हे सांगायला हवं होतं. माझ्याकडे त्याच्या काकांचं आहे ते एवढंच, डोळ्यांत राहिलेलं हे पाठमोरं चित्र, आणि ते तसबिरीला चालणार नाही, कारण त्यात तोंड नाही. माझ्या मायनं मात्र लावलं असतं.